तीन उन्हाळ्यांची हमी

बुद्धवंदना झाली होती. पांढरे कपडे अजून सगळ्यांच्या अंगावर होते, आणि यंत्र तापायला अवकाश होता.

माघी पौर्णिमेची दुपार. परभणीच्या एमआयडीसीत बहुतेक शेडांची दारं बंद. जिनिंगकडून उडत आलेला कापूस रस्त्याच्या कडेला सशासारखा बसून राही, वारा आला की दोन उड्या मारून पुन्हा बसे. एवढ्या सगळ्या शांततेत एकाच शेडचा पत्रा गुणगुणत होता. त्या शेडला सगळे फुग्याचा कारखाना म्हणत. आत प्लास्टिकचे दाणे वितळत, एका गोल तोंडातून नळीसारखे वर निघत, आणि त्या नळीत हवा शिरली की दोन माळे उंच, आरपार दिसणारा फुगा उभा राही. वर रुळांत चेपून त्याची फिल्म होई आणि गुंडाळली जाई. सितारामनं हे सगळं उभं केलं होतं. तो गेल्यावर त्याच्या दोन मुलांनी, नागनाथनं आणि पंडितनं, ते चालू ठेवलं. आज त्यांनी यंत्राला नवं रुंद तोंड बसवलं होतं. त्यातून द्राक्षबागांवर पांघरायची फिल्म निघणार होती, आणि ती घेणाऱ्या नाशिकच्या कंपनीचा माणूस करार घेऊन खाली केबिनमध्ये बसला होता.

वर गच्चीवर चांगुणाबाई एका बाजेच्या सांगाड्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्या सितारामच्या बहीण. दोघा भावांच्या आत्या, आणि म्हणून मग कावेरीच्या, मैत्रेयीच्या, वीजबिल द्यायला येणाऱ्या माणसाच्यासुद्धा आत्याच. सांगाड्यावर सुतळीऐवजी द्राक्षबागांसाठीच केलेली नमुन्याची फिल्म ताणून बांधली होती. काच पाण्यात विरघळली तर दिसेल तशी ती फिल्म दिसत होती. तिच्याखालून गच्चीच्या फरशीवर उन्हाचं एक पातळ तळं थरथरत होतं.

"धर गं मैत्रे तिकडून. खाली पाव्हण्याला दाखवायचंय म्हने हिला."

मैत्रेयी, नागनाथची मुलगी, कारखान्याची तपासणी बघायची. प्रत्येक गुंडाळीचा तुकडा ताणून, फाडून, नोंदवून बाहेर सोडणं हे तिचं काम. ह्या सांगाड्यावरच्या फिल्मचेही तुकडे तिनंच वेळोवेळी कापून प्रयोगशाळेत पाठवले होते. मधून कापलेले, चौकोनी, नीट. दर वेळी उत्तर आलं होतं, फिल्म जशीच्या तशी आहे. प्रयोगशाळेतली दिव्याखालची चाचणी नाशिकवाल्यांना पुरेशी नव्हती. त्यांना मराठवाड्याच्या उघड्या उन्हातली हवी होती. तीन उन्हाळे, पडून.

"बग की कशी हाय," आत्यांनी फिल्मवरून हात फिरवला. "तीन उन्हाळे काढले माझ्या बायनं. एक सुरकुती दाव."

"नाहीच आत्या. नवीन वाटायलीय."

"वाटंल न्हाई तर काय. ऊन डोक्यावर आलं का मी वर यायची. आपलं जुनं पांढरं लुगडं, ते भिजवायची, पिळायची, आन् हिच्यावर टाकायची. ऊन उतरलं का काढून घ्यायची. ताप असू दे, पाव्हनं असू दे. तुझा बाप म्हनला व्हता, आत्या, ही तुझ्या हवाली. आता हवाली केल्यालं लेकरू कुनी उन्हात टाकून झोपतं का?"

आत्या हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्यांची दोन छोटी गावं वसत. मैत्रेयीला ते हसू फार आवडायचं. त्या हसण्याकडे बघतच तिची बोटं सांगाड्याच्या कडेला गेली. लुगडं जिथपर्यंत पोचत नसणार, त्या वीतभर पट्टीपाशी. तिनं नुसतं दाबलं. फिल्म ताणली गेली नाही, वाकली नाही. कांद्याच्या वाळल्या सालीसारखी चुरचुर आवाज करत ती बोटांत भुगा झाली, आणि थोडा भुगा वाऱ्यावर चमकत निघून गेला. उरलेला तिनं मुठीत मिटला.

"काय गं? उंदरानं कुरतडलं का काय?"

"हो," मैत्रेयी म्हणाली. "जरासं."

*

केबिनमध्ये पंडित दाराला टेकून उभा होता. बसला असता तर बोलावं लागलं असतं, आणि त्यानं मनाशी ठरवलं होतं की आज दादाच बोलू दे. संभाजीनगरला त्याच्या मित्राचा पाईपचा कारखाना होता, त्यात भागीदारी चालून आली होती. त्यानं घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं: नाशिकचं जमलं तर मी इथंच, न जमलं तर माझा वाटा वेगळा करा, उन्हाळ्याआधी मी चाललो. त्यानंतर घरात जेवणं नीट झाली नव्हती. ताटं वाढली जात, पण कोणी कोणाला 'अजून घे' म्हणत नव्हतं.

"तुमच्या जुन्या अटी मी वाचल्या," नाशिकचा शंतनु सांगत होता. तरुण, चष्मेवाला, कपातल्या चहावर फुंकर घालायची सवय असलेला. "फिल्म खराब निघाली तर फिल्म बदलून देऊ, त्याउपर काही नाही. तक्रार आठवड्याच्या आत. दाण्याचा भाव वर गेला तर दर बदलेल. आणि आपल्या कामाला फिल्म योग्य आहे का, हे घेणाऱ्यानं आपलं आपण पाहावं. नागनाथराव, आमच्या कायदेवाल्यांना ह्यातलं एकही पसंत नाही."

"तुमचे कायदेवाले द्राक्षं लावतात का?"

"खातात."

पंडितला हसू आलं. दादाही हसला. क्षणभर केबिन हलकी झाली.

"आमचं म्हणणं एवढंच," शंतनुनं कागद पुढं सरकवला. "फिल्म तीन उन्हाळे टिकेल अशी हमी. ती मुदतीच्या आत फाटली आणि पिकल्या घडांवर पाऊस पडला, तर घडांचं नुकसानही विकणाऱ्याकडे. त्याबदल्यात तुमचं हे नव्या तोंडाचं यंत्र तीन वर्षं फक्त आमच्यासाठी चालेल. दुसरं गिऱ्हाईक शोधायला नको."

"दुसरं गिऱ्हाईक नसनं हीच तर भीती हाय," नागनाथ म्हणाला. "तुमी उठून गेले तर हे यंत्र कुनाच्या तोंडाकडं बघणार? आन् घडांचं म्हणाल तर शेतकऱ्यानं गंधक फवारलं, फिल्मचा जीव निम्मा झाला. तार बोचरी लावली, फाटली. ते बी आमच्याच माथ्यावर?"

"गंधकाचं वगळू. तारेचंही वगळू. उन्हाचं मात्र तुमच्याकडे."

"ऊन आमचंच हाय," नागनाथ पुटपुटला. "ते कुठं जातंय."

पंडितला राहवलं नाही. "दादा, समदं वगळल्यावर भेव कशाचं? चाचणी आपली पक्की. तीन उन्हाळे गच्चीवर पडलीय ती. तू तर असा बोलायलास जसं कुनी दुकानात उधार मागायलंय."

"तू मधी बोलू नको."

"मग कवा बोलू? संभाजीनगरहून फोनवर?"

शंतनु पुन्हा चहावर फुंकर घालू लागला, चहा केव्हाचा गार झाला होता तरी. नागनाथनं धाकट्या भावाकडं पाहिलं. रागानं नव्हे. पंडितला वाटलं, दादा रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

"वाचतो एकदा अन् करू सही," नागनाथ म्हणाला. "आधी फुगा चढू द्या."

*

शेडच्या मागं, कडुनिंबाखाली, नागनाथची बायको कावेरी मोठ्या पातेल्यात खीर ढवळत होती. पौर्णिमेची खीर ती दर वर्षी करायची. मैत्रेयी तिच्या शेजारी येऊन बसली आणि मूठ उघडली. तळव्यावर चकाकणारा चुरा होता.

"हे काय?"

मैत्रेयीनं सांगितलं. लुगड्याचं, उन्हाचं, मधून कापलेल्या तुकड्यांचं. सांगताना तिचा आवाज हळूहळू बारीक झाला, जणू ती एखाद्याच्या आजाराबद्दल बोलत होती.

कावेरीनं हातातला डाव थांबवला नाही. "मंजे नवीन फिल्म टिकनार न्हाई?"

"टिकेल का नाही, तेच आपल्याला माहीत नाही. कड तर हात लावला की चुरा झाली."

"कड तर कापडाची बी विरते."

"आई."

"आत्ता कुनाला सांगू नको. ऐकलं का? आज न्हाई." कावेरी दुधाकडं बघत बोलत होती. "मी लग्न होऊन आले तवा पंडित भाऊजी शाळंत होते. त्यांच्या सदऱ्याची बटनं मी लावलीत. पूर्णेला यात्रेत हरवले होते तर मी पायात चप्पल न घालता धावले. आता घरातून दोन ताटं वेगळी व्हायलीत, एक सही झाली का ती पुन्हा एका वळीत बसतील. तू म्हंतीस, ती सही बी होऊ देऊ नये?"

"सही झाली आणि फिल्म गेली तर? सगळ्या बागांचं आपल्यावर येईल. मग कोणती ताटं?"

डाव थांबला. खिरीवर साय धरू लागली, आणि कावेरीला ती दिसलीच नाही. थोड्या वेळापूर्वी ह्याच अंगणात हात जोडून सगळ्यांनी पाच शिलं म्हटली होती. तिनं, पंडितनं, आत्यांनी. खोटं बोलणार नाही, हे चौथं. तिचे ओठ अजून त्या शब्दांच्या चवीचे होते.

"मला कामून सांगितलंस गं?" ती शेवटी म्हणाली. "माझ्या गळ्यात कामून घातलंस हे? जा. बापाला सांग. त्याला सांग, मी सांगायला लावलं."

*

नागनाथला मुलीनं सांगितलं तेव्हा तो यंत्रापाशी उभा होता आणि यंत्र तापलं होतं. त्यानं सगळं ऐकलं. एकदाही मान वळवली नाही. नव्या गोल तोंडातून वितळल्या दाण्यांची पहिली कड बाहेर डोकावत होती, दुधावरच्या सायीसारखी जाड.

"आत्यानं झाकली?"

"रोज."

"मी हवाली केली, पण कशासाठी, ते सांगितलंच न्हाई." तो स्वतःशीच बोलत होता. "सांगायचं राहूनच गेलं."

"पप्पा, सहीचं काय करायचं?"

"फुगा चढू दे."

सगळे गोळा झाले. शंतनुही भिंतीपाशी येऊन उभा राहिला. चांगुणाबाईंनी कोपरापर्यंतचे मोजे चढवले, पदर खोचला. पहिला फुगा चढवायचा तो त्यांनीच. यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा ती गरम नळी वर न्यायला कोणी धजत नव्हतं. घाईत ओढली तर तुटायची, रेंगाळली तर वितळून खाली बसायची. कापूस वेचायला जाणाऱ्या चांगुणानं तेव्हा पुढं होऊन तिचं तोंड बांधलं, आणि ओढण्याचा वेग चुकू नये म्हणून जात्यावरच्या चालीत गाऊ लागली. एका ओवीला एक हात दोर. तो वेग बरोबर निघाला होता, आणि तेव्हापासून यंत्राला दुसरा वेग कोणी दाखवला नाही.

आत्यांनी गरम कड दोन्ही हातांनी गोळा केली, दोरानं आवळली. वर माळ्यावर पंडित दोर धरून होता. खाली नागनाथनं हवेची चावी फिरवली.

हळू चढ रं फुग्या, वर वाऱ्याचं माहेर
उन्हाच्या अंगणात तुला सावलीचा आहेर

दोर हातभर वर गेला. नळी सैल होती, पोटात वारा नसलेल्या शिडासारखी. मग आत हवा शिरली, आणि ती हलकेच फुगली. जशी झोपेतल्या माणसाची छाती फुगते तशी.

चढता चढता तुझा जीव झालाय पातळ
दोन्ही हातांत धरते माझं पाण्याचं आभाळ

आता तो फुगा होता. शेडच्या उंच खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं, आणि ते फुग्याला लागताच आत शिरून तिथंच फिरत राहिलं. सोनेरी, हिरवं, पुन्हा सोनेरी. मैत्रेयीचा चेहरा त्याच्या पलीकडे लांबट दिसत होता, पाण्याखालच्या माणसासारखा. शंतनु तोंड उघडं टाकून वर बघत होता. नागनाथला वाटलं, आपण सगळे एका मोठ्या थेंबाच्या भोवती उभे आहोत. कोणी खोकलं तरी तो फुटेल. बाबा असते तर आत्ता काय म्हणाले असते? बाबा काही म्हणाले नसते. फक्त वर बघितलं असतं.

फुगा रुळांपर्यंत पोचला. पंडितनं वरून तोंड आत सारलं. रूळ फिरू लागले, आणि फिल्म खाली गुंडाळीवर उतरू लागली, सळसळ, सळसळ, जोंधळ्याच्या शेतातून कोणी चालत यावं तशी.

"झालं," आत्या म्हणाल्या आणि मोजे काढून घाम पुसला.

पंडित शिडीवरून उतरला, त्याचा चेहरा पोरासारखा उजळला होता. त्यानं स्वतः केबिनमधून कागद आणि पेन आणलं. "चल दादा. म्हण आता."

ही सितारामनं घालून दिलेली रीत होती. कागदावर काहीही लिहिलेलं असो, विकणाऱ्यानं चालू यंत्रासमोर उभं राहून ती अट आपल्या तोंडानं म्हणायची, घेणाऱ्यानं ऐकायची, मगच सही. सितारामला वाचायला वेळ लागायचा. पण म्हटलेलं तो विसरत नसे. पंडितनं शंतनुला ते सांगितलं, आणि शंतनु कौतुकानं हात बांधून उभा राहिला.

नागनाथनं कागद डोळ्यांसमोर धरला. "ही फिल्म आमी आमच्या हातानं केली. चांगल्या दाण्याची केली. ही फिल्म तीन..."

तो थांबला.

यंत्राची सळसळ चालू होती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "ही फिल्म उघड्या उन्हात तीन..." ओठ हलले, शब्द आला नाही. समोर पंडित होता, भुवया उंचावून, हसत, ज्याला ह्या एका शब्दानं घरात थांबवता आलं असतं. त्याच्या मागं आत्या, दमून उपड्या पाटीवर बसलेल्या. तीन. केवढासा शब्द. आत्ता म्हटला तर तीन वर्षं कोणी विचारणार नव्हतं.

"शंतनुसाहेब," तो म्हणाला, "ही फिल्म किती उन्हाळे टिकती, ते आमाला माहीत न्हाई."

पंडितचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

"पण चाचणी..." शंतनु म्हणाला.

"चाचणी उघड्या उन्हात झाली न्हाई. कडक उन्हाच्या वेळंला फिल्म झाकलेली असायची. आमच्याकडूनच. मला आत्ता कळलं. तुमाला पाठवलेले आकडे खरे हायत, पर ते सावलीचे हायत."

शंतनुनं चष्मा काढला, पुसला, घातला. "एका उन्हाळ्याची हमी द्याल?"

"एकाची बी देता येईना. दाणा चांगला हाय, उन्हाला टिकायचं औषध बरोबर घातलंय, टिकंल असं वाटतं. वाटतं एवढंच म्हणू शकतो. जुन्या अटीवर घ्या, फिल्मला फिल्म."

"जुन्या अटीवर मला कोणी घेऊ देणार नाही," शंतनु म्हणाला. तो चिडला नव्हता. दमल्यासारखा दिसला. "आणि बागा ह्या हंगामात झाकायच्याच आहेत. मी दुसरीकडून घेईन. मला घ्यावीच लागेल."

"घ्या."

त्यानं कागद घडी करून पिशवीत ठेवला. कावेरीनं पुढं केलेली खिरीची वाटी उभ्याउभ्याच संपवली, छान झालीय म्हणाला, आणि जाता जाता एकदा वर फुग्याकडं बघून घेतलं. मग रिक्षा त्याला स्टेशनकडे घेऊन गेली.

*

"सही झाल्यावर सांगता आलं असतं की," पंडित म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "किंवा सांगितलंच नसतं. माझ्यासाठी एकदा तरी गप राहता आलं असतं."

"पंडित."

"न्हाई, मी समजलो. धंदा नीट चालावा, हात स्वच्छ राहावेत, आन् पंडितनं आपली पिशवी भरावी. कुनी झाकली ती फिल्म? कोन हाय त्यो शहाणा? त्याला आधी..."

"काका," मैत्रेयीनं त्याचा हात धरला आणि डोळ्यांनी पाटीकडं दाखवलं.

पंडितनं त्या दिशेला पाहिलं. आत्या गुंडाळीशेजारी बसल्या होत्या. नुकत्याच उतरलेल्या फिल्मची कड त्यांनी गालाला लावली होती. ऊब होती तिला अजून. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि त्या ओवीची चाल ओठांत घोळवत होत्या.

पंडितच्या डोक्यात आलेलं वाक्य तिथंच विरलं. तो शाळेतून ताप घेऊन यायचा तेव्हा ह्याच आत्या ओलं फडकं घेऊन कपाळाशी बसायच्या. वाळलं की भिजवायच्या. वाळलं की पुन्हा भिजवायच्या. एवढंच करता येतं त्यांना. जे तापतं, ते झाकणं.

"नागू," आत्यांनी डोळे उघडले. "त्यो पाव्हना न लिवताच कामून गेला रं?"

 कावेरीनं पंडितकडं पाहिलं, आणि पंडितनं कावेरीकडं. कितीतरी दिवसांनी त्या दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं होतं.

"त्याला दुसरीकडं स्वस्तात मिळायलंय आत्या," पंडित म्हणाला. "जाऊ दे त्याला. लय मिजास होती त्याची."

"चांगला तर व्हता. खीर समदी खाल्ली."

नागनाथ येऊन आत्यांजवळ जमिनीवर बसला. पंडितनं मान हलवून त्याला खूण केली, नको. कावेरीनंही केली. घरातली सगळी माणसं आज पहिल्यांदा एका बाजूला होती, आणि तो एकटा दुसऱ्या.

"आत्या, स्वस्ताचं न्हाई ते. गच्चीवरची फिल्म तू लुगड्यानं झाकायचीस ना?"

"मंग?"

"ती उन्हात करपती का न्हाई, करपली तर कवा करपती, तेच बघायचं होतं आपल्याला. म्हणून ठेवली होती ती तिथं. मी तुला हवाली केली अन् कशासाठी ते सांगितलं न्हाई. चूक माझी हाय. तुझी न्हाई."

आत्यांनी गालाची फिल्म खाली घेतली.  वर फुगा शांत उभा होता. खिडकीतलं ऊन आता त्याच्या गळ्यापाशी उरलं होतं.

"करपताना बघायचं व्हतं?"

"हो."

"झाकायचं न्हाई?"

"न्हाई."

"पुन्हा ठेवायची का मंग? दुसरी?"

"ठेवावी लागंल. आज हीच निघालीय, हिचाच तुकडा ताणू. तवा कुठं नाशिकवाल्याला न्हाई तर दुसऱ्या कुनाला खरं काय ते सांगता येईल."

"किती दिस?"

"तीन उन्हाळे. कुनीतरी रोज वर जाऊन बघायला पायजे. हात लावायचा न्हाई, सावली करायची न्हाई. नुसतं बघायचं."

आत्यांनी ओठ चावला. हाताचे मोजे मांडीवर होते, ते उचलले, एकावर एक ठेवले, पुन्हा सुटे केले.

"माझ्यानं न्हाई व्हायचं बाबा," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतंस तरी माझ्यानं झालं नसतं. भरल्या उन्हात ती तडतडायला लागली का माझा हात जाईलच. माझ्यावर नको ठेवू तू. दुसरं कुनी बसव."

दुसरं कोण? नागनाथ दिवसभर खाली यंत्राशी. मैत्रेयी निम्मा वेळ प्रयोगशाळेच्या वाटेवर. ते सगळ्यांना माहीत होतं. यंत्र चालत राहिलं. एक गुंडाळी भरत आली, आणि भरत आलेल्या गुंडाळीचा आवाज बदलतो तसा तो बदलला, जड झाला.

पंडित यंत्राकडं पाठ करून दाराबाहेर बघत होता. कडुनिंबाच्या सावल्या लांब झाल्या होत्या. रस्त्यावरचा कापूस उठून कुठंतरी निघून गेला होता.

"मी बघतो," तो म्हणाला.

कावेरी खिरीच्या वाट्या गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही, हातातली वाटी हातातच राहिली.

"तीन उन्हाळे म्हणायलेत भाऊजी."

"ऐकलं ना वैनी," पंडित म्हणाला, आणि फिल्म कापायला कात्री कुठं ठेवलीय, असं मैत्रेयीला विचारत आत गेला.